शिरूरची माती येरवड्यात : आपल्या कॉलेजच्या मुलांनी पाहिलेले पुणे

दर 1 जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लाखो भीमसैनिक येतात. कोरेगाव भीमा हे गाव आपल्या शिरूर तालुक्यातले, आणि नदी ओलांडली की हवेली तालुक्यातील पेरणे गावच्या हद्दीत जयस्तंभ उभा आहे. 1 जानेवारी 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेब स्वतः तेथे आले होते, हे आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगते. ते सांगता आलेच पाहिजे. पण याच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे आणि तेथे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची आख्खी वसाहत जमिनीखालून निघाली, हे कॉलेजात शिकणाऱ्या किती मुलांना ठाऊक आहे? गेल्या वर्षी आमच्या विहारातील अभ्यासवर्गात मी हा प्रश्न विचारला. चौदा मुले-मुली बसली होती. एकानेही हात वर केला नाही. त्यातली एक मुलगी इनामगावापासून चार-पाच कोसांवरची.

त्यात मुलांचा दोष नाही. शिरूर-दौंडच्या मुलांचे पुणे म्हणजे एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, स्पर्धा परीक्षेचा क्लास आणि फार तर तुळशीबाग. आपल्या मुलांचे बाप रांजणगाव, सणसवाडी नाही तर कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे असतात, दौंडला रेल्वेत किंवा राखीव पोलीस दलात असतात, आया खुरपायला नाही तर धुण्याभांड्याला जातात. पुण्याला जायचे तर काम असले पाहिजे. फॉर्म भरायचा, दाखला आणायचा, ससूनला कोणी दाखल आहे त्याला डबा न्यायचा. नुसते बघायला जायचे, ही गोष्ट आपल्या घरात चैनीची समजली जाते.

मुलांना पुण्याची संग्रहालये दाखवायची असे आम्ही ठरवले तेव्हा एका मुलीच्या आईने मला विहाराच्या पायरीवरच गाठले. म्हणाल्या, "भाऊ, पोरगी कालेजात जाती ती शिकाया. तिथं जुनी भांडी बघून काय हुनार? आमच्या घरात हायेत की जुनी भांडी."

प्रश्न चुकीचा नाही. ज्या बाईचा रोज बुडतो तिने हिशेब विचारायलाच पाहिजे. मी त्यांना एवढेच सांगितले, की ताई, बाबासाहेब लंडनला शिकत होते तेव्हा दिवसदिवस उपाशीतापाशी ज्या वाचनालयात बसून राहत, ते वाचनालय ब्रिटिश म्युझियमच्या इमारतीतच होते. जगभरच्या जुन्या वस्तू आणि जगभरची पुस्तके एका छपराखाली होती. साहेबांच्या राज्याचे मोठेपण कशात आहे ते त्यांनी तेथे बसून पाहिले. आपल्या मुलांनी निदान पुण्याचे पाहावे. बाईंनी मुलीला पाठवले. वर भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी चौदा जणांना पुरेल इतकी बांधून दिली.

चौदांपैकी नऊ शिरूरची, पाच दौंडची. शिरूरची मुले एसटीने नगर रस्त्याने, दौंडची रेल्वेने. 2023 पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा खर्च मुलांपेक्षा कमी आला. याचे मुलांना वाईट वाटले, मला बरे वाटले. पहिला थांबा येरवडा.

डेक्कन कॉलेजच्या काचेआड

येरवड्याचे डेक्कन कॉलेज हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. त्याचा जन्मच मोठा बोलका आहे. पेशवाईत दरवर्षी ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या दक्षिणेतला काही पैसा वळवून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. सुरुवातीला तेथे ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच प्रवेश होता. त्याच पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज झाले, नंतर डेक्कन कॉलेज झाले आणि ते येरवड्याच्या दगडी इमारतीत आले. 1939 पासून तेथे पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र यांचे संशोधन चालते. दक्षिणेच्या पैशातून निघालेल्या त्या संस्थेच्या दारातून शिरूरच्या भीमनगरातली पोरे वह्या घेऊन आत गेली, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पुरातत्त्व विभागाच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू मांडलेल्या आहेत. हे उत्खनन 1968 ते 1983 अशी पंधरा वर्षे चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यामागची माणसे. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, तेथे लोक राहत होते. भगवान बुद्धाच्या जन्माच्याही आधी ही वसाहत उठून गेली होती. सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष सापडले, अडीचशेच्या आसपास दफने सापडली. लोक सातू पिकवत, गहू, मसूर, वाटाणा पिकवत, गाईगुरे पाळत, हरणाची शिकार करत. नदीचे पाणी वळवून शेताला देण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि बांध घातला होता. आपल्या तालुक्यात पाण्यावरून होणारी भांडणे किती जुनी असतील, असे एक मुलगा म्हणाला आणि सगळे हसले.

मग मुले दफनांपाशी आली आणि हसणे थांबले.

लहान मूल दगावले की दोन मडकी घेऊन त्यांची तोंडे एकमेकांना लावायची, आत मूल ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, अशी त्या लोकांची रीत होती. मोठ्या माणसाला उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरत, पण त्याची पावले घोट्यापासून तोडून टाकत. मेलेला माणूस भूत होऊन उठून जाऊ नये म्हणून ते असे करत असावेत, असा उत्खनन करणाऱ्या विद्वानांचा तर्क आहे. एका मुलाने विचारले, "काका, सगळ्यांचेच पाय तोडत का?" प्रश्न चांगला होता, कारण सगळ्यांचे तोडत नसत. पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले. त्याच्याशेजारी धान्याचे कोठार होते. ते घर गावच्या मुखियाचे असावे असे मानतात. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा एक रांजण सापडला आणि त्यात बसवलेल्या स्थितीत पुरलेला चाळिशीचा पुरुष होता. त्याची पावले शाबूत होती. कोणी मोठा मानाचा माणूस असावा म्हणून त्याला वेगळी वागणूक मिळाली असावी, असा तर्क आहे. भुताची भीती सगळ्यांनाच, पण कुऱ्हाड मात्र साध्या माणसाच्या पायावर!

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दौंडच्या एका मुलीने काढला. वस्तीच्या मध्यभागी बरी स्थिती असलेल्या शेतकऱ्यांची घरे आणि पश्चिमेच्या कडेला कुंभार, सोनार, मणी करणारा, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे होती, असे उत्खनन करणाऱ्यांनी नोंदले आहे. हे ऐकल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तेव्हापासूनच आपल्याला कडेला काढले होते का?"

येथे मला सांभाळून उत्तर द्यावे लागले आणि ते येथेही लिहितो, कारण आपल्या सभांमधून या बाबतीत वाटेल ते बोलले जाते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इनामगावात जात होती किंवा अस्पृश्यता होती, असे त्या मडक्यांवरून सिद्ध होत नाही. कुंभाराची भट्टी आणि चुन्याची भट्टी वस्तीच्या कडेला ठेवण्यामागे धुराचे आणि आगीचे कारणही असू शकते. पण मोठे घर आणि लहान घर, भरलेले कोठार आणि रिकामी झोपडी हा फरक तेव्हाही होता, एवढे दिसते. बाबासाहेब पुरावा हातात आल्याशिवाय बोलत नसत. त्यांचे ग्रंथ उघडून खालच्या टिपा पाहाव्यात. मुलीने प्रश्न विचारला हे फार चांगले, उत्तर शोधायला तिला दहा वर्षे आहेत. ती आता कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुरातत्त्वाचे एम.ए. कोठे करता येते याची चौकशी करते. ते डेक्कन कॉलेजातच करता येते.

शिरूरच्या मुलांना तेथून निघवेना. काचेतल्या काळ्या नक्षीच्या तांबड्या मडक्याकडे पाहून एकाने सांगितले, की आमच्या रानात नांगरताना अशी खापरे निघतात, आम्ही ती बांधावर फेकतो. आता फेकू नका, असे त्याला सांगितले. खापर कोणत्या जागी सापडले ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून हलवलेले खापर नुसते खापर राहते.

पाटीवर कोणाचे नाव नाही?

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्यात सर्वांत प्रसिद्ध. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्याचा धंदा होता, ते 'अज्ञातवासी' या नावाने कविताही करत. सात वर्षांचा राजा नावाचा मुलगा गेला, त्याचे नाव त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंना दिले आणि 1975 साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. वीस हजारांच्या वर वस्तू, त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडलेल्या. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, दरवाजे, भांडी, वाद्ये. राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहण्यापेक्षा मला हे संग्रहालय जवळचे वाटते, कारण येथे घरातली वस्तू आहे.

येथे आम्ही मुलांना एक काम दिले. नुसते दालनातून दालनात पळायचे नाही. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर दहा मिनिटे उभे राहायचे आणि वहीत लिहायचे: ही कशाची आहे, कोणी केली असेल, कोणी वापरली असेल आणि पाटीवर काय लिहिलेले नाही. पहिली पाच मिनिटे मुले अवघडली. मोबाइल काढावासा वाटे. नंतर लिहू लागली.

एकाने अडकित्ता निवडला होता. त्याने लिहिले: पितळ ओतणारा तांबट, पाते करणारा लोहार, सुपारी खाणारा सावकार. तिघांपैकी पाटीवर कोणीच नाही, पण सावकाराचा वाडा इतिहासात आहे. दुसऱ्या मुलीने चामड्याने मढवलेले वाद्य निवडले. तिचे आजोबा हलगी वाजवत. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्यासारखी हीन कामे सोडा म्हणून सांगितल्यावर घरातली हलगीही अडगळीत गेली. तिने लिहिले होते, की कातडे कमावणाऱ्याच्या हाताचा विटाळ होत होता, पण त्या कातड्यावर थाप पडली की देवळात कीर्तन रंगत होते, मग विटाळ नेमका कोठे गेला? मी बीकॉम झालेला कारकून, मला असले लिहिता येत नाही. तिचे पान मी झेरॉक्स काढून ठेवले आहे.

वस्तू करणाऱ्याचे नाव कोणी मुद्दाम खोडले असे नव्हे, ते मुळात कोणी लिहूनच ठेवले नाही. म्हणून आपल्या घरातले पाटे, जाती, आजीचे टाक, आजोबाची काठी, गिरणीतला बिल्ला, रेल्वेतला कंदील या वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी मुलांनी त्यावर एक चिठ्ठी चिकटवावी, कोणाची, कोणत्या सालची. हा माझा हट्ट आहे, मंडळी मला त्यावरून हसतात.

दौंडच्या मुलांचा दिवस मात्र कोथरूडला उजाडला. तेथे 1998 साली सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. बटण दाबले की छोट्या गाड्या धावतात, सिग्नल पडतात, गाडी थांबते. दौंड हे गावच रेल्वेने वाढवलेले. दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. आपल्या समाजातील कितीतरी माणसे गँगमन, खलाशी म्हणून रेल्वेत लागली आणि गावकीच्या कामातून सुटली. एका ट्रॅकमनच्या मुलाने सिग्नल आणि सांधा यांचा संबंध सगळ्यांना समजावून सांगितला. तेथील माणूसही ऐकत उभा राहिला. वर्गात हा मुलगा तोंड उघडत नाही.

बाबासाहेबांची व्हायोलिन

सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिस संस्थेने उभारलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय व स्मारक 1996 साली खुले झाले. माईसाहेब आंबेडकर यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू येथे दिल्या. त्यांचा पलंग, खुर्ची, कपडे, भांडी, काठ्या, व्हायोलिन. 1990 साली मरणोत्तर मिळालेले भारतरत्नही येथेच आहे. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वस्तूंचा असाच दुसरा मोठा संग्रह आहे, पण तो आपल्याला लांब. पुण्यातला तर दोन-अडीच तासांवर आणि तरीही आमच्या चौदांपैकी फक्त दोघांनी तो आधी पाहिला होता.

येथे वह्या काढायला मी सांगितले नाही. मुले आपोआप चपला काढून, हात जोडून आत गेली. बराच वेळ कोणी बोलले नाही. आपण बाबासाहेबांना पाहतो ते पुतळ्यात, बोट वर केलेले, कोटातले. येथे त्यांची रोजची भांडी आहेत. जेवणारा, थकणारा, दुखणाऱ्या पायांनी काठी टेकणारा माणूस दिसतो. एक मुलगी व्हायोलिनपाशी खिळून राहिली. उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, एवढा मोठा माणूस हाताला व्हायोलिनची सवय करत होता, हे तिला नवे होते. तिला गाणे येते. घरी म्हणतात, गाण्याने पोट भरत नाही. मी तिच्या घरी काही सांगायला गेलो नाही. तिनेच व्हायोलिनचे सांगितले.

एक गोष्ट खटकली तीही लिहितो. आपलीच काही मंडळी त्या दिवशी आली होती. दारात फोटो, पायरीवर फोटो, कमानीखाली फोटो आणि आतल्या दालनांतून पाच मिनिटांत बाहेर. बाबासाहेबांच्या पायरीवर पाऊल ठेवले याचा पुरावा मिळाला, की झाले! चैत्यभूमीला आपण रात्रभर रांगेत उभे राहतो. मग येथे एक तास शांतपणे उभे राहायला काय हरकत आहे?

वाड्यापासून कॉलेजच्या भिंतीपर्यंत

गंज पेठेतील फुलेवाडा छोटा आहे, पाहायला वेळ लागत नाही, समजायला लागतो. 1868 साली क्रांतिबा जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या सत्याग्रहाच्या जवळजवळ साठ वर्षे आधी. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले, ते 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आले. तेथून बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागेकडे गेलो. 1848 साली मुलींची शाळा भरली तो वाडा डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आला, त्या जागी स्मारक व्हायचे आहे. एवढी वर्षे कोर्टकचेऱ्या होऊन आणि पडझड होऊन जुनी भिंत एकही राहिली नाही, याचे दुःख आहे. स्मारके करण्याची आपल्याला फार घाई असते, मूळ वास्तू सांभाळण्याची नसते.

फुलेवाड्यात मी मुलांना मुक्ता साळवेची हकीकत सांगितली. मातंग समाजातील ही मुलगी जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. चौदा वर्षांच्या आतबाहेरचे वय, शाळेत येऊन जेमतेम तीन वर्षे झालेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्माचे पुस्तक वाचायचा आम्हाला अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ सवाल तिने त्यात टाकला. शाळकरी मुलीचा निबंध आहे आणि पावणेदोनशे वर्षे होत आली तरी विद्वान त्याचा दाखला देतात.

हे सांगण्याचे कारण होते. आपल्या मुलांच्या कॉलेजात भित्तिपत्रक असते, वाङ्मय मंडळ असते, वक्तृत्व स्पर्धा असते, गॅदरिंग असते, राष्ट्रीय सेवा योजना असते. त्यात आपली मुले काय करतात? सतरंज्या अंथरतात, खुर्च्या लावतात, स्टेजचा पडदा बांधतात. माईकवर दुसरेच असतात. मी कोणत्या एका कॉलेजाबद्दल बोलत नाही, बहुतेक ठिकाणचे हेच चित्र आहे आणि त्याचे खापर नेहमी दुसऱ्यांवर फोडण्यात अर्थ नाही. विचारले तर मुले म्हणतात, "काका, आमची भाषा गावठी आहे, 'ण' चा 'न' होतो, लोक हसतात." मुक्ता साळवेच्या काळी काय लोक फुले उधळत होते?

बाबासाहेबांनी स्वतः काढलेल्या कॉलेजांकडे पाहा. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. मुलेच मंत्री, मुलेच विरोधी पक्ष. देशाचे कायदे करणाऱ्या माणसाला आपल्या विद्यार्थ्यांनी उभे राहून मुद्दा मांडायला शिकावे असे वाटत होते. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिले आणि ते मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर करून दाखवले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून, अंगावर धड कपडे नसलेली मुले तेथे आली होती. त्यांचीही भाषा गावचीच होती. पुढे दलित साहित्यात जी नावे गाजली त्यातली कितीतरी त्या नागसेनवनातून निघाली, ती काही नुसत्या वर्गात बसून निघाली नाहीत.

पालकांसाठी दोन गोष्टी सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि सात दिवसांचे गावातले निवासी शिबिर करायचे. शिबिराचे नाव काढले की मुलींच्या घरी नकार येतो. आमच्या वस्तीतल्या एका बापाने साफ नाही म्हटले. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. आपल्या मुलींवर काय काय प्रसंग येतात ते आपल्याला वर्तमानपत्रातून कळायची गरज नाही. मी त्यांना एवढेच म्हटले, की शिबिर शिरूरपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, वहिनींनी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून यावे, नाही पटले तर पोरीला घेऊन यावे. वहिनी गेल्या. बाया-मुलींची राहण्याची सोय वेगळी, बरोबर दोन प्राध्यापिका. वहिनी संध्याकाळपर्यंत थांबल्या, मुलींबरोबर जेवल्या आणि एकट्या परत आल्या.

दुसरी गोष्ट 'कमवा व शिका'ची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतून ही योजना चालते. मुलांनी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करायचे आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. आपल्या मुलांना याची लाज वाटते, हे मला समजत नाही. ग्रंथालयात काम मिळाले तर पुस्तकांच्या मधोमध बसायचे पैसे मिळतात! फ्रीशिप आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आपण खेटे घालतो, तसाच एक खेटा विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडेही घालावा.

आमच्या सहलीनंतर शिरूरच्या मुलांनी कॉलेजच्या भित्तिपत्रकात इनामगावावर अंक लावला. मडक्यांची चित्रे हाताने काढली होती. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, प्राध्यापकांनी लाल पेनाने दुरुस्त केल्या, तरी अंक महिनाभर राहिला. दौंडच्या मुलांनी विहारात रविवारी वंदनेनंतर वीस मिनिटे बोलायचे ठरवले. ट्रॅकमनचा मुलगा पहिल्या रविवारी पाच मिनिटांत खाली बसला, तिसऱ्या रविवारी त्याला थांबवावे लागले. जी माउली जुन्या भांड्यांवरून मला बोलली होती ती पुढच्या रांगेत बसली होती. सभा संपल्यावर तिने विचारले, "त्या मडक्यातल्या लेकराच्या आईचं नाव लिवलंय का तिथं?" लिहिलेले नाही, म्हणून सांगितले.

खर्चाचे लिहायला हवे, कारण माझी नोकरीच हिशेबाची. दोन दिवसांच्या दोन सहली झाल्या. प्रवास, तिकिटे आणि चहा एवढाच खर्च, जेवण घरून नेलेले. 14 एप्रिलच्या रात्री वस्तीत डीजेला जे भाडे जाते, त्यात अशा चौदा नव्हे, आख्खी बस भरून मुले दोनदा जाऊन आली असती. मी जयंतीच्या विरोधात नाही, मिरवणुकीत मीही नाचतो. पण वर्गणीच्या पावतीपुस्तकात सहलीचे एक पान ठेवायला आमच्या मंडळाने यंदा मान्यता दिली आहे, दोन बैठकांच्या भांडणानंतर.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी. संग्रहालयांचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, आधी फोन करून विचारून घ्यावे. डेक्कन कॉलेजला कॉलेजच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवले तर दाखवायला जाणकार माणूस मिळण्याची शक्यता असते. विद्यार्थ्यांचे ओळखपत्र बरोबर ठेवावे, तिकिटात सवलत असेल तर मिळते. फोटोला काही ठिकाणी मनाई असते, त्यावरून तेथील शिपायाशी हुज्जत घालू नये, तो आपल्यातलाच असतो. शिरूरकरांनी येरवडा आधी करावा, तो नगर रस्त्याच्या वाटेवर पडतो. दौंडकरांनी स्टेशनजवळच्या क्वीन्स गार्डनमधील आदिवासी संशोधन संस्थेचे संग्रहालय पहिले घ्यावे. आमचे ते वेळेअभावी राहिले, वारल्यांची चित्रे आणि आदिवासींची अवजारे तेथे आहेत.

पुढची सहल जुन्नरच्या बौद्ध लेण्यांची ठरते आहे. तेथील शिलालेखांत बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आणि कासारांची श्रेणी अशा कारागिरांच्या संघांची नावे कोरलेली आहेत. केळकर संग्रहालयात अडकित्त्यावरून लिहिणाऱ्या मुलाला ते सांगितले. त्याने विचारले, की दगडावरची ती अक्षरे वाचायला शिकवतात का कोठे? ब्राह्मी लिपीचे वर्ग पुण्यात भरतात. त्याने नाव घालायचे ठरवले आहे, एसटीच्या पासचे तेवढे जमवायचे आहे.